हिवाळ्यातली सायकल: फिरत्या संदेशाला मुद्देसूद उत्तर

युरोप-कॅनडात शिकायला येणाऱ्या मराठी मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर हिवाळा जवळ आला की एक संदेश हमखास फिरतो. यंदाही आला. थोडक्यात तो असा: ‘उत्तरेकडच्या हिवाळ्यात सायकल चालवायची तर फॅटबाइकच (खूप रुंद टायरची सायकल) हवी. परवडत नसेल तर भंगारातली कुठलीही सायकल घ्या आणि टायरमधली हवा कमी करा, झालं काम. खिळ्यांच्या टायरवर (रबरात धातूचे बारीक खिळे बसवलेले टायर) पैसे घालवू नका, ते गोठलेल्या तळ्यांसाठी असतात. सायकल रात्री घरात उबेला ठेवा. अंगात सगळ्यात जाड जॅकेट घाला. ई-सायकल विसरा, थंडीत बॅटरी मरते.’

मी फिनलंडमधल्या ओउलूला राहते. बॉथनियाच्या आखाताकाठचं, ६५ अंश उत्तरेवरचं हे शहर. हिवाळी सायकलिंगची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद २०१३ साली इथेच भरली. उणे वीस अंशांतही इथल्या शाळांच्या आवारात सायकली उभ्या असतात. म्हणून हा संदेश वाचून गप्प बसवत नाही. त्याप्रमाणे वागणारं पोर पहिल्याच निसरड्या वळणावर आपटतं, मनगट मोडून घेतं आणि ‘इथे हिवाळ्यात सायकल शक्यच नाही’ असं पुढच्या तुकडीला सांगतं.

आधी फॅटबाइक. या सायकली रुजल्या अलास्कात, स्नोमोबाइल आणि कुत्र्यांच्या घसरगाड्या जातात त्या वाटांवर लांबचा पल्ला गाठण्यासाठी. २००५ साली अमेरिकेतल्या सर्ली कंपनीने ‘पग्जली’ हे मॉडेल आणलं आणि ही सायकल कुणालाही दुकानात मिळू लागली. चार-पाच इंच रुंद टायर, त्यात अगदी नावापुरती हवा, त्यामुळे ती भुसभुशीत हिमात रुतत नाही. जंगलातल्या वाटेवर तिला तोड नाही. पण आपण विद्यापीठात, कामावर, दुकानात जातो ते हिम बाजूला सारून साफ केलेल्या रस्त्याने. तिथे खोल हिम नसतंच. असतो तो चाकांखाली दाबून टणक झालेला थर आणि दुपारी वितळून रात्री पुन्हा गोठलेला गुळगुळीत बर्फ. त्यावर पाच इंची साधं रबरही तसंच सरकतं, जसं दीड इंची. मग फॅटबाइकलाही खिळ्यांचे टायर लागतात, आणि त्या मापाचे टायर साध्या सायकलच्या टायरपेक्षा कितीतरी महाग असतात. शिवाय ती जड, आणि बऱ्याच सायकल स्टॅंडांत तिचं चाक शिरत नाही. ज्याला रविवारी रानात भटकायचंय त्याने खुशाल घ्यावी. रोजच्या जाण्यायेण्यासाठी ती ‘हवीच’ हे साफ चूक आहे.

आता खिळ्यांचे टायर. संदेशातली सगळ्यात घातक ओळ हीच, म्हणून इथे जरा थांबते.

लोकांना वाटतं, जितकी थंडी जास्त तितकं घसरणं जास्त. उलट आहे. उणे पंधरा-वीसला बर्फ कोरडा आणि खरखरीत असतो, त्यावर रबर बऱ्यापैकी धरतं. खरी भीती शून्याच्या आसपास. तेव्हा बर्फावर पाण्याचा पातळ थर असतो आणि पावसाळ्यात शेवाळलेल्या फरशीवर चालावं तशी गत होते. त्यात रात्री वरून हिमाची पातळ चादर पडली की खालचा बर्फ दिसतही नाही. असे दिवस ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणि पुन्हा मार्च-एप्रिलमध्ये येतात, आणि दक्षिणेकडे हेलसिंकीला किंवा जर्मनीत तर अख्खा हिवाळाच असा शून्याच्या वर-खाली जातो. म्हणजे ‘आमच्याकडे एवढी थंडी नसते’ म्हणणाऱ्यांनाच या टायरची गरज जास्त. तळ्याचा इथे काही संबंध नाही.

या टायरमधल्या खिळ्यांची टोकं टंगस्टन कार्बाइडची असतात. साधं पोलाद डांबरावर लवकर झिजतं, हे टोक अनेक हिवाळे टिकतं. किती खिळे हवेत हे रस्त्यावर ठरतं. फिनलंडमध्ये नावाजलेल्या हाक्कापेलीटा टायरचा एक प्रकार १०६ खिळ्यांचा आहे, एक २४० खिळ्यांचा. रस्ता रोज साफ होत असेल तर पहिला पुरतो. गाड्यांच्या चाकोऱ्या गोठून कडक खाचा पडत असतील तर दुसरा घ्यावा, कारण चाकोरीत चाक तिरकं पडतं आणि तेव्हा कडेचे खिळेच धरतात. डांबरावर हे टायर जड चालतात, करकर आवाज करतात. वेग थोडा कमी होतो. होऊ द्या.

पैसे एकाच टायरपुरते असतील तर तो पुढच्या चाकाला लावा. मागचं चाक सरकलं तर बहुतेक वेळा सावरता येतं. पुढचं सरकलं की विचार करायच्या आत आपण जमिनीवर असतो. जमलं तर दोन्ही चाकांना लावा.

हवा कमी करण्याचा सल्ला अर्धवट आहे. हवा कमी केली की टायर पसरतो आणि मऊ हिमात उपयोग होतो. पण गुळगुळीत बर्फात रबर रुतत नाही, मग ते कितीही पसरलेलं असो. वर कमी हवेच्या अरुंद टायरची ट्यूब रिमखाली चेपून फाटते, ते वेगळंच. हा उपाय खऱ्या अर्थाने लागू पडतो तो खिळ्यांच्या टायरला: बर्फाच्या दिवशी टायरवर छापलेल्या किमान दाबाजवळ जा म्हणजे जास्त खिळे टेकतात, कोरड्या डांबरावर पुन्हा भरा.

‘भंगारातली कुठलीही’ यातलं ‘कुठलीही’ मला खटकतं. महागडी रेसिंग सायकल मिठाच्या चिखलात घालू नये हे खरं. जिथे रस्त्यावर मीठ टाकतात तिथे चेन बघता बघता लाल होते. (ओउलूसारख्या ठिकाणी मिठाचा फार उपयोग नसतो, कारण उणे दहाच्या खाली ते नीट काम करेनासं होतं; इथे बारीक खडी पसरतात.) पण जुनी सायकल घेणं वेगळं आणि न थांबणारी सायकल घेणं वेगळं. रिमवर घासणारे ब्रेक ओल्या, बर्फाळलेल्या रिमवर आधी नुसते फिरतात, मग कुठे धरतात. जुन्या पोलादी रिम असतील तर विचारूच नका.

त्याऐवजी इथे ‘आजीची सायकल’ म्हणतात तसली वापरलेली सायकल शोधा: ताठ बसता येईल असं हॅण्डल, मागच्या हबमध्ये (चाकाच्या मधल्या तुंब्यात) तीन किंवा सात गिअर, आणि पॅडल उलटं दाबलं की लागणारा ब्रेक. ब्रेक आणि गिअर दोन्ही हबच्या आत बंद असल्याने पाणी, मीठ, खडी तिथवर सहसा पोचत नाही. पुढचा ब्रेकही चालू आहे ना ते बघा. बजेट बरं असेल तर डिस्क ब्रेकची सायकल उत्तम. घेताना आणखी एक गोष्ट तपासा, जी कुणी सांगत नाही: टायर आणि मडगार्ड यांमध्ये बोटभर तरी जागा. ती नसेल तर चिखलासारखं ओलं हिम तिथे साचतं, गोठतं आणि चाक जाम होतं. ३५ मिलिमीटरचा खिळ्यांचा टायर त्या फ्रेममध्ये बसेल का, हे दुकानदाराला आधीच विचारा.

सायकल रात्री घरात उबेला ठेवा, हा सल्ला प्रेमापोटी दिलेला असावा. पण हिमाने माखलेली सायकल घरात आणली की ते वितळतं, पाणी केबलच्या नळीत आणि फ्रीव्हीलमध्ये (पॅडल थांबलं तरी चाक फिरू देणाऱ्या भागात) उतरतं. सकाळी पुरती न वाळलेली सायकल बाहेर नेली की आतलं पाणी गोठतं. गिअर हलत नाहीत, ब्रेक सुटत नाही, किंवा पॅडल गरगर फिरतं आणि चाक जागचं हलत नाही. आडोशाला, छपराखाली, थंडच राहू द्या. आत आणायचीच असेल तर आधी हिम झाडा आणि पूर्ण वाळू द्या. कुलूप गोठलं तर गरम पाणी ओतू नका, तेच पाणी थोड्या वेळाने आत गोठतं. कुलपात आधीच थोडं तेल सोडून ठेवा.

जॅकेटबद्दल फार बोलायला नको. जाड जॅकेटमध्ये दहा मिनिटांत घाम येतो आणि सिग्नलला थांबलं की तोच घाम गारठवतो. निघताना किंचित थंडी वाजली पाहिजे, म्हणजे कपडे बरोबर आहेत. आत लोकरीचा पातळ थर, वर वारा अडवणारं काहीतरी. जपायचे ते हात, पाय, कान. उणे दहाला ताशी २० किलोमीटरचा वारा लागला तर उघड्या त्वचेला ती थंडी उणे अठराची वाटते, आणि सायकलवर तो वारा आपण स्वतःच तयार करतो. नुसत्या हातमोज्यांपेक्षा हॅण्डलला बांधायचे मोठे खोळीसारखे मोजे कितीतरी उबदार.

ई-सायकलची बॅटरी थंडीत मरत नाही, थंडीपुरती तिची ताकद घटते. पल्ला कमी होतो हे धरून चाला. नियम दोनच. बॅटरी काढून घरात ठेवा आणि निघताना लावा. आणि शून्याखालच्या तापमानात ती कधीही चार्ज करू नका; तेव्हा लिथियम आत धातूच्या रूपात साचतं आणि ते नुकसान भरून येत नाही. बाहेरून आणलेली बॅटरी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच चार्जर लावा.

संदेशात दिव्यांबद्दल एक शब्द नाही, याचं मला सगळ्यात वाईट वाटलं. डिसेंबरअखेर ओउलूत दिवस साडेतीन तासांचा असतो. म्हणजे जाणं अंधारात आणि येणंही अंधारातच. फिनलंडच्या जून २०२० पासूनच्या वाहतूक कायद्यानुसार अंधारात पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा सक्तीचा आहे. चार्जिंगचे छोटे दिवे थंडीत वाटेतच मान टाकतात. हबमध्ये डायनॅमो असलेली सायकल मिळाली तर थोडे जास्त पैसे मोजून तीच घ्या.

हे सगळं पहिलं हिम पडायच्या आत करायचं. खिळे रबरात नीट बसण्यासाठी नवा टायर साधारण ४० किलोमीटर डांबरावर, जोरात ब्रेक न मारता आणि झटका न देता चालवावा लागतो. ओउलूत येणार असाल तर ऑक्टोबर लागताच टायर चढवा. नोव्हेंबरात सायकल दुकानांतल्या रांगा लांब असतात.