पिशवीत भाकरी दिसली की लगेच ‘यांना कोणी पाठवलं?’

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. कंटाळा असेल त्यांनी इथूनच पुढे सरकावं.

दुपारी ऑफिसात डबे उघडून बसलो होतो. एकाने फोनवर आझाद मैदानातला व्हिडिओ लावला. बायका ओळीने खाली बसलेल्या, मांडीवर फडकं, फडक्यात भाकरी. आमचे एक साहेब मान हलवत म्हणाले, "बघा, चार-चार दिवसांचं जेवण बांधून आल्यात. एवढी तयारी आपोआप होते होय? मागे कोणीतरी असल्याशिवाय?" सगळे हसले. माझ्या तोंडात घास होता. तो गिळेपर्यंत विषय क्रिकेटवर गेलेला.

म्हणून आता इथे बोलते.

एवढी तयारी कशी होते ते मी आमच्या स्वयंपाकघरात उभं राहून बघितलंय. माझी आई अंगणवाडी सेविका. दिंडोरी तालुक्यातलं गाव. ४ डिसेंबर २०२३ पासून राज्यभरातल्या सेविका-मदतनिसांचा संप सुरू झाला तो पार जानेवारीच्या शेवटापर्यंत चालला, आठवत असेल. (नसेलही. टीव्हीवर फार नव्हता.) त्या काळात आझाद मैदानावर जायचं ठरलं, त्याच्या आदल्या रात्री मी माहेरी होते.

आईने संध्याकाळीच पीठ मळायला घेतलं. बाजरीच्या भाकरी दोन वेळच्या, आणि त्यापुढच्या दिवसांसाठी दशम्या, दुधात मळलेल्या, कारण पाण्यातली भाकरी लवकर कडक होते. भाकरी थापून, भाजून सुपात पसरून ठेवली. मी घाईघाईने फडक्यात गुंडाळायला गेले तर ओरडली, "गरम बांधू नको गं, वाफ धरते. उद्या दुपारी बुरा आलेला असेल." मग शेंगदाण्याची चटणी, कोरडी, तेलाचा थेंब नाही. ठेचा वेगळ्या डबीत. कांदे आख्खे, चिरायचे नाहीत, तिथेच फोडायचे. गूळ आणि भाजलेले शेंगदाणे एका पुरचुंडीत, ती मात्र हाताशी वरच्या वर, कारण भाषणं लांबतात आणि जेवायला कधी बसायला मिळेल ते कोणी सांगू शकत नाही. स्टीलचा डबा अजिबात नाही. जड होतो आणि हरवला तर जीव हळहळतो.

हे सगळं तिला कोणी शिकवलं? कुठल्या पक्षाने कार्यशाळा घेतली? चाळीस पोरांची खिचडी, वजनं, लसीकरणाच्या याद्या, गरोदर बायांची नोंद हे सगळं जी बाई एका खोलीत सांभाळते, तिला एक पिशवी भरता येणार नाही?

आता पैशांचं. तेव्हा मानधन होतं सेविकेला महिना १०,००० आणि मदतनिसाला ५,५००. तेही २०२३ मध्ये वाढलं म्हणून एवढं. संपात ते कापलं जाईल ही टांगती तलवार होतीच. गाडीसाठी सगळ्यांनी वर्गणी काढली. कोणी शंभर कमी दिले, तर दुसरीने भरले. आईने पैसे तीन जागी ठेवले: थोडे ब्लाउजच्या आतल्या खिशात, थोडे पिशवीच्या तळाला, आणि परतीच्या भाड्यापुरते रुमालाच्या गाठीत. साहेब, हे तुमचे प्रायोजक. रुमालाची गाठ.

आणि गंमत सांगू? हेच साहेब दर पावसाळ्यात रविवारी ट्रेकला जातात. जायच्या आदल्या रात्री पलंगावर सगळं सामान मांडून फोटो टाकतात. हेडटॉर्च, ओआरएसची पाकिटं, जास्तीचे मोजे, थेपले, पॉवरबँक, शिट्टी. खाली आम्ही सगळे बदाम टाकतो, ‘काय नियोजन सर!’ हरिश्चंद्रगडावर एका रात्रीसाठी एवढं न्यायचं ती शिस्त, आणि मैदानात चार दिवस बसायला भाकरी नेली तर ते कारस्थान. कोणीतरी मला यातला फरक समजावून सांगा.

फरक मला माहीतच आहे. गरीब माणूस मोर्चाला उपाशी आला, रस्त्यात चक्कर येऊन पडला की आपल्याला तो आवडतो. फोटो चांगला येतो. पोटभर जेवून, जास्तीची चप्पल घेऊन, ताडपत्री अंथरून बसला की तो संशयित होतो. २०२० च्या डिसेंबरात दिल्लीच्या सिंघू सीमेवर कृषी कायद्यांविरोधात बसलेले शेतकरी पिझ्झा खाताना दिसले तेव्हा केवढा गहजब झाला होता आठवा. सहा महिन्यांचं रेशन ट्रॉलीत भरून आले होते ते लोक. लोकांना वाटलं अतिशयोक्ती. आणि झालं काय? नोव्हेंबर २०२० मध्ये बसले आणि कायदे मागे घेतल्याची घोषणा व्हायला १९ नोव्हेंबर २०२१ उजाडलं. सहा महिन्यांचा अंदाजसुद्धा कमीच पडला.

मुळात तुम्ही किती दिवसांचं जेवण बांधून आलात हे समोरचा बघत असतो. एका डब्याचे आलात की त्याला कळतं, संध्याकाळी पाच वाजता या घरी जाणार. निवेदन घेऊन फोटो काढला की काम संपलं. गाठोडं मोठं असलं की चर्चेला बोलावणं येतं. आईच्या भाषेत, "पिठाचा डबा बघून बोलतात ते."

२०१८ चा मार्च. नाशिकहून ६ तारखेला निघालेले शेतकरी कसारा घाट उतरून ठाण्यातून मुंबईत येत होते, लाल टोप्या, पायांना फोड. मी तेव्हा मुलुंडला राहायचे. खाली हायवेला गेले होते पाण्याच्या बाटल्या घेऊन, आपल्यातले बरेच जण आले होते. मला वाटलेलं यांना खायला द्यावं लागेल. बघते तर मागून टेम्पो येतायत आणि त्यात तांदळाची पोती, डाळ, मोठाली पातेली, चक्क सरपण! घरून जळण घेऊन आलेले लोक. त्यांना बिस्किटं देताना मलाच लाज वाटायला लागली. त्यांना खरी गरज होती ती चपलांची, कारण १८० किलोमीटर डांबरावर चालून स्लीपरचे अंगठे तुटतात, आणि तळपाय तर विचारूच नका. ज्यांनी त्या दिवशी चपला आणून वाटल्या त्यांना डोकं होतं.

आणि ११ तारखेच्या रात्री सायनच्या मैदानात जरा पाठ टेकली न टेकली, तोच मध्यरात्रीनंतर उठून पुन्हा चालायला लागले. कारण सकाळी दहावीचा पेपर होता आणि पोरांना ट्रॅफिकचा त्रास नको. सगळं सामान अंधारात आवरलं. दमलेल्या पायांनी. हे ज्यांना सुचतं त्यांच्या तयारीकडे संशयाने बघायचं म्हणजे कमाल आहे.

हो, ठाऊक आहे, लगेच लिहाल, ऑगस्ट २०२५ मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनात सीएसएमटीला काय झालं. झाला त्रास, कोर्टाला बोलावं लागलं, रस्त्यात खेळत बसणारेही होते. मान्य. पण त्याच आंदोलनातली दुसरी गोष्ट विसरू नका. पाऊस, चिखल, आसपास खायला मिळेना अशी ओरड झाली आणि गावागावांतून भाकरी-ठेच्याच्या गाड्या मुंबईकडे सुटल्या. तेव्हा त्या भाकरी कोणी थापल्या? ज्या मैदानात आल्याच नाहीत त्या बायकांनी. फोटोत कुठेही नसलेल्या. त्यांचं नाव कुठल्या भाषणात आलं का? मला तरी ऐकू आलं नाही.

आता हे लिहिताना राग जरा उतरलाय, तर आईच्या पिशवीत अजून काय होतं ते सांगते, कारण भाकरी सगळ्यांना दिसते, बाकीचं दिसत नाही.

दोन सेफ्टीपिना पदराला आतून लावलेल्या. चपलेचा अंगठा तुटला तर सुतळी. बीपीच्या गोळ्या, आणि गोळ्यांचं नाव चिठ्ठीवर लिहून घेतलं माझ्याकडून, शिवाय माझा नंबर, मोठ्या अक्षरात. फोन बंद पडला, चोरीला गेला किंवा आपणच चक्कर येऊन पडलो तर दुसऱ्याला चिठ्ठी वाचता आली पाहिजे. ही चिठ्ठी मी प्लास्टिकच्या पिशवीत घातली, कारण घामाने शाई पसरते. आधार कार्डाची झेरॉक्स, मूळ कार्ड घरीच. खताच्या पोत्याचं उसवलेलं, धुऊन घेतलेलं प्लास्टिक, बसायला. एक जुनी चादर, कारण मैदानातली रात्र जानेवारीत मुंबईतही गार असते. पॅड स्वतःसाठी नव्हते, तिचं ते वय सरलं. तरी घेतले. "कुणालातरी लागतातच."

दोन भाकरी जास्तीच्या होत्या. मी म्हटलं, आई ओझं होईल. तर म्हणाली त्यांच्या बीटमधली (म्हणजे एका पर्यवेक्षिकेच्या हाताखालच्या अंगणवाड्यांतली) एक नवी मदतनीस पहिल्यांदा येणारे, घरी सासू कटकट करते, स्वयंपाक करून निघू देईल की नाही कोण जाणे. पोरगी तशीच आली. एका हातात पर्स, दुसऱ्या हातात काही नाही, गाडीत चढल्यावर खिडकीकडे तोंड करून रडली म्हणे. आईने घोटीच्या पुढे पुरचुंडी सोडली आणि कोणाला काही न विचारता तिच्या मांडीवर अर्धी भाकरी ठेवली. नंतर घोषणा द्यायला तीच सगळ्यात पुढे.

पण मला खरा राग आहे तो वेगळाच आहे, आणि तो अजून लिहिलाच नाही.

त्या दिवशी मैदानावर जाताना आई सकाळपासून पाणी पीत नव्हती. बाटली भरलेली, पिशवीत, झाकण न उघडलेलं. मी फोनवर विचारलं, का गं? तर हळू आवाजात, आजूबाजूला बायका असूनही हळू आवाजात, "जायचं कुठे?" हजारो बायका एका मैदानात आणि शौचालयांपुढे ही रांग, आत पाय ठेववत नाही अशी अवस्था. मग काय करतात बायका? इगतपुरीच्या आधीपासूनच पाणी बंद. बीपीची गोळी घोटभर पाण्याबरोबर, बास. साठीला आलेली बाई दिवसभर उन्हात कोरड्या घशाने घोषणा देते आणि घरी येऊन लघवीच्या जळजळीने आठवडाभर तळमळते. माझी आई तळमळली. डॉक्टर म्हणाले पाणी कमी पडलं. हो, पडलंच ना कमी!

मोर्चाला काय न्यावं याच्या याद्या हल्ली सगळीकडून फॉरवर्ड होतात, गॉगल काय, एनर्जी बार काय. त्यात याचा उल्लेख बघितलाय कोणी? पुरुष आयोजकांच्या बैठकीत स्टेज, माइक, झेंडे, बॅनरवर कोणाचा फोटो केवढा याच्यावर तासभर. शौचालयाचा विषय शेवटी, कोणी बाईने काढला तर. आपल्या बाजूच्या लोकांना सांगतेय हे, साहेबांना नाही.

१९२७ चं महाड घ्या. परिषदेला माणसं शंभर-शंभर मैलांवरून चालत आली होती, खांद्यावर भाकरीच्या तुकड्यांची गाठोडी. गावातल्या पाणवठ्यावर त्यांना हात लावायची सोय नाही म्हणून आयोजकांनी ४० रुपयांचं पाणी विकत घेऊन ठेवलं होतं. तेव्हाचे ४० रुपये! तळ्याचं पाणी प्यायचा हक्क मागायला आलेली माणसं तहानेने पडू नयेत याचा विचार कोणीतरी बसून, हिशेब मांडून केला होता. आपण दर २० मार्चला फोटो टाकतो. हा हिशेब कधी शेअर करतो का?

आईशी आत्ताच बोलले. साहेबांचं वाक्य सांगितलं. तिला राग वगैरे काही आला नाही, तिने विचारलं व्हिडिओतल्या बायका कुठल्या जिल्ह्यातल्या होत्या. मला माहीत नव्हतं. मग म्हणाली, भाकरी ज्वारीची होती का बाजरीची? तेही मी बघितलं नव्हतं. २०२१ मध्ये सेविकांनी कामासाठी मिळालेले सरकारी मोबाइल निषेध म्हणून परत केले तेव्हाचं सांगत बसली मग, पिशवीत भाकरीच्या शेजारी तो बंद पडलेला फोन कसा नेला, आणि तिथे जमा करताना चार्जरसकट दिला, "त्यांचं काही ठेवायचं नाही" म्हणून. हसून हसून सांगत होती.

तर, कोणी येत्या दिवसांत मैदानावर जाणार असेल, ज्या कोणाच्या मागणीसाठी, तर आईने सांगितलेलं जशाच्या तसं देते. पाणी प्या. दोघी-तिघी मिळून जा, एकीने बाहेर पिशव्या धरायच्या. पोचल्या पोचल्या आधी स्टेज नाही, शौचालय शोधायचं आणि ते कुठे आहे ते ग्रुपवर टाकायचं. नसलं, बंद असलं, पाणी नसलं तर फोटो काढून आयोजकांना तिथल्या तिथे दाखवायचा, नेते भाषणाला उभे राहायच्या आत. लाजायचं नाही.

फोटो मलाही पाठवा. मी नावं झाकून टाकत जाईन.