डास चावून एचआयव्ही होतो? मावशीला दिलेलं उत्तर

पावसात गटारी तुंबल्या की बेळगाव-खानापूरकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक जुनाच मेसेज परत उगवतो: 'एचआयव्हीच्या पेशंटला चावलेला डास तुम्हाला चावला तर तुम्हालाही लागण होते. डेंग्यूसारखीच. अशा घरापासून लांब राहा.' परवा आमच्या मावशीनंही तो धाडला, हात जोडलेल्या इमोजीसकट.

'डेंग्यूसारखीच' इथंच घोळ आहे. डेंग्यूचा विषाणू एडिस डासाच्या पोटात वाढतो आणि साधारण 8 ते 12 दिवसांत लाळेत पोचतो. पुढच्या चाव्याला तो लाळेबरोबर आपल्या अंगात उतरतो. एचआयव्हीला वाढायला माणसाच्या ठराविक पांढऱ्या पेशी लागतात. डासात त्या नाहीतच, त्यामुळे रक्ताबरोबर विषाणूही पचून जातो.

मावशीनं लगेच अडवलं, "पण सुईनं होतो की! हीपण सुईच नव्हं?" शंका रास्त आहे. पण सुईत उरलेलं रक्त पुढच्याच्या अंगात ढकललं जातं. डासाच्या सोंडेत दोन वेगळ्या वाटा असतात, एकीतून लाळ खाली जाते, दुसरीतून रक्त वर येतं. आधीच्याचं रक्त तो आपल्यात ओतत नाही. सोंडेला चिकटून राहतं ते अगदीच नगण्य. दवाखान्यात बाधित रक्ताची सुई नर्सला टोचली तरी लागणीची शक्यता सुमारे 300त 1 असते. (म्हणून गप्प बसायचं नाही, 72 तासांच्या आत औषध सुरू करायचं.)

आणि डास वय बघून चावतो काय? अंगणात खेळणारी सात-आठ वर्षांची पोरं, कट्ट्यावर बसलेल्या आज्ज्या, सगळ्यांनाच फोडतो. डासानं पसरत असता तर या वयांत घरोघरी रुग्ण दिसले असते. लहान मुलांतली लागण जवळजवळ सगळी आईकडून आलेली असते. आफ्रिकेत डास आणि एचआयव्ही दोन्ही भरपूर, तिथंही हेच चित्र.

राहिलं 'लांब राहा'. एचआयव्ही आहे म्हणून भाड्यानं घर नाकारणं 2017च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं बेकायदेशीर आहे, एवढं मी मावशीला ठणकावून सांगितलं.

"मग चावणाऱ्यातलं भ्यायचं कशाला?" तिनं विचारलं. मी म्हटलं, गोचिडीला. माकडताप तिच्यामुळं होतो. 1957 साली तो शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात सापडला आणि अलीकडं आपल्या शेजारच्या गोव्यातल्या सत्तरीत, सिंधुदुर्गातल्या दोडामार्गातही आला. काजू गोळा करायला जाताना अंगभर कपडे घाल, घरी आल्यावर गरम पाण्यानं आंघोळ कर. ती म्हणाली, "ह्याचा मेसेज कोण पाठवत नाही बघ."