कॉम्प्रेसर तासभर थांबला म्हणून बर्फ वितळत नाही

औद्योगिक वसाहतीतल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या एक संदेश फिरतोय: "कारखान्यांनी विजेच्या वेळा बदलायच्या म्हणजे मागच्या दाराने लोडशेडिंग. संध्याकाळी यंत्रे बंद, कामगार रात्रपाळीला. वीज गोव्याबाहेरून येते, इथल्या चार मोटरी थांबवून ग्रीडला काय फरक पडणार?" विषय एवढाच, की ग्रीडवर, म्हणजे देशभरच्या वीजवाहिन्यांच्या जाळ्यावर, संध्याकाळी ताण येतो तेव्हा कारखान्याने काही यंत्रे थोडा वेळ थांबवायची आणि ते काम दुसऱ्या वेळी करायचे. आमच्या पाळीतल्या मुलांनीही तो संदेश पुढे पाठवला. त्यांची काळजी खरी आहे, संदेश मात्र चुकीचा आहे.

आधी लोडशेडिंगचे. लोडशेडिंगमध्ये उपकेंद्रातून अख्खा फीडर, म्हणजे एका भागाला वीज देणारी वाहिनीच, बंद पाडतात. तुमचा दवाखाना, शेजारच्याची पिठाची गिरण, सगळेच अंधारात, आणि कोणी विचारत नाही. इथे कारखानाच ठरवतो की कोणती मोटर किती वेळ थांबेल. आगाऊ सूचना मिळते, बदल्यात दरात सवलत किंवा मोबदला असतो.

मी बर्फाच्या कारखान्यात विजेचे काम बघतो, म्हणून तिथलेच सांगतो. मिठाच्या पाण्याची मोठी टाकी, त्यात उभे केलेले पत्र्याचे डबे, आणि ते पाणी उणे आठ-दहा अंशांवर ठेवणारा अमोनियाचा कॉम्प्रेसर. एक लादी गोठायला जवळपास एक दिवस लागतो. संध्याकाळी सातला कॉम्प्रेसर तासभर थांबवला, तर टाकीचे पाणी एखाद-दोन अंश वर सरकते, एवढेच. त्या तासात पाळीतले कामगार तयार लाद्या उपसून जेटीवर जाणाऱ्या ट्रकात चढवतात. काम थांबत नाही, कोणाची हजेरी कापली जात नाही. एवढ्या थंड पाण्याची टाकी ही एका अर्थी आमची बॅटरीच आहे. शीतगृह, पाण्याच्या उंच टाक्या, दाबाच्या हवेची टाकी यांचेही तसेच.

रात्रपाळीची भीती मला जास्त समजते. सत्तरी तालुक्यातून कुंडईच्या वसाहतीत कामाला येणाऱ्या बाईला रात्री अकराला घरी जायला बस कुठली? पण "रात्री वीज स्वस्त" हा जुना हिशेब झाला. केंद्राच्या 2023 च्या नियमांनी सौर तासांतला, म्हणजे दिवसा सौर वीज मिळते त्या वेळेतला, दर सर्वसाधारण दरापेक्षा किमान 20 टक्के कमी, आणि उद्योगांसाठी गर्दीच्या तासांतला दर किमान 1.2 पट ठेवायला सांगितले. कारण सरळ आहे. दुपारी सौर वीज भरपूर असते, सूर्य मावळला की ती जाते, आणि नेमके तेव्हाच घरोघरी दिवे, पंखे, हॉटेलांत एसी सुरू होतात. म्हणजे जड काम सरकवायचे ते दुपारी, रात्री नाही. तरीही कोणी पाळ्याच बदलायला निघाला, तर आधी बसचे काय ते विचारा. तिथे मी कामगारांच्याच बाजूने उभा राहीन.

आता "बाहेरून येते". म्हणूनच तर जपायला हवे. वीज पोत्यात भरून ठेवता येत नाही. ज्या क्षणी लागते त्याच क्षणी तयार व्हावी लागते, नाहीतर ग्रीडची वारंवारता, म्हणजे विजेची सेकंदाला होणारी आवर्तने, 50 हर्ट्झवरून ढळते. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे 96 भाग पाडून प्रत्येक राज्य आपण किती घेणार ते आधी कळवते. ठरल्यापेक्षा जास्त ओढले की राज्याला दंडासारखी रक्कम पडते, आणि ती शेवटी आपल्याच दरात शिरते. शिवाय तीच तार, तोच ट्रान्सफॉर्मर. संध्याकाळच्या दोन तासांचा भार उतरला की तो कमी तापतो. जर्मनीत एसेनच्या ट्रिमेट कंपनीने अ‍ॅल्युमिनियम तयार करणाऱ्या भांड्यांनाच ग्रीडप्रमाणे वीज कमी-जास्त घ्यायला शिकवले. अ‍ॅल्युमिनियमसारख्या उद्योगाला जमते, तर आमच्या बर्फाला का नाही?

सगळ्यांना सगळे जमणार नाही, हेही खरे. औषधांच्या स्वच्छ खोलीची हवा थांबवता येत नाही. प्लास्टिकचे मशीन मध्येच थंड झाले तर माल आतच घट्ट बसतो. भट्टीत लोखंड वितळत असताना वीज काढायची नसते, पुढची हीट, म्हणजे वितळवण्याची पुढची खेप, मात्र तासभर उशिरा लावता येते. म्हणून ही यादी वरच्या कचेरीत नको, यंत्रावर उभा असणाऱ्यानेच करायला हवी. आमच्या पॅनेलच्या दारावर मी चिकटवली आहे: कॉम्प्रेसर एक तास थांबेल, विहिरीचा पंप दोन तास, टाकीतले पाणी ढवळणारा पंखा अजिबात थांबवायचा नाही.