न दिसलेल्या पक्ष्याची नोंद: एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

बागेतले पक्षी आवाजावरून कसे ओळखावेत, या लेखावरची आपली सविस्तर प्रतिक्रिया मी लक्षपूर्वक वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे: ‘टुक टुक’, ‘कुहू’ ही अक्षरे ऐकणाऱ्याच्या कानानुसार बदलतात, त्यामुळे त्यांना पुरावा म्हणता येत नाही, नकला करणारे पक्षी असताना आवाजावर विसंबणे धोक्याचे आहे, सबब प्रत्यक्ष पाहिल्याखेरीज कोणत्याही पक्ष्याची नोंद करू नये. शंका आलीच, तर मोबाइलवर त्या पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला समोर आणावे, असेही आपण सुचवले आहे. पहिल्या दोन मुद्द्यांत तथ्य आहे. त्यांतून आपण काढलेला निष्कर्ष मात्र मला मान्य नाही, आणि शेवटच्या सूचनेला तर माझा स्पष्ट विरोध आहे.

अक्षरांबद्दल आधी लिहितो. एकाला जे ‘टुक’ ऐकू येते ते दुसऱ्याला ‘टोंक’ किंवा ‘पुक’ वाटते, यात वाद नाही. पण लेखात भर होता तो स्वरांची पट्टी, लय, चढउतार आणि मधले विराम यांवर. अक्षरे केवळ लक्षात ठेवायला सोपी म्हणून दिली होती. तांबटाचेच पाहा. तो बहुधा उंच झाडाच्या निष्पर्ण शेंड्यावर बसतो, चोच मिटलेलीच ठेवतो आणि प्रत्येक ‘टुक’बरोबर गळ्याची कातडी फुगवतो. ओरडताना तो मान या बाजूची त्या बाजूला वळवत राहतो, म्हणून एका जागी बसलेला पक्षी ऐकणाऱ्याला कधी जवळ, तर कधी दूर गेल्यासारखा वाटतो. एवढे होऊनही पट्टी ढळत नाही: मिनिटाला साधारण 108 ते 121 ठोके, सगळे एकाच स्वरात आणि सारख्या अंतराने. याउलट कोकिळाच्या नराचा प्रत्येक ‘कुहू’ आधीच्यापेक्षा किंचित वर चढतो, घाई वाढत जाते आणि आवाज टिपेला पोचून एकदम तुटतो. पावशाही असाच चढत जातो, पण त्याची हाक तीन स्वरांची असते. हे फरक कानाच्या मर्जीवर अवलंबून नाहीत. ते मोजता येतात आणि कागदावर उमटवता येतात. केंब्रिजमध्ये प्राणिवर्तनाचे अभ्यासक डब्ल्यू. एच. थॉर्प यांनी 1954 साली चॅफिंच या पक्ष्याच्या गाण्याचा अभ्यास ध्वनीचा आलेख काढणाऱ्या यंत्राने केला, तेव्हापासून या विषयात ‘मला असे वाटले’ याला दुय्यम जागा मिळाली आहे.

थॉर्प यांच्या त्याच अभ्यासात आपल्या दुसऱ्या, म्हणजे नकला करणाऱ्या पक्ष्यांविषयीच्या, आक्षेपाचे उत्तरही दडलेले आहे. प्रौढांचे गाणे कधीही कानावर न पडता वाढलेली चॅफिंचची पिल्ले पुढे गायली खरी, पण ते गाणे ओबडधोबड आणि अपुरे होते. म्हणजे गाणाऱ्या पक्ष्यांना आपले गाणे बऱ्याच अंशी शिकावे लागते, आणि जे शिकले जाते ते ठिकाणागणिक बदलू शकते. कॅलिफोर्नियातल्या पांढऱ्या शेंडीच्या चिमण्यांच्या गाण्यात प्रदेशानुसार बोली असल्याचे 1964 साली पीटर मार्लर आणि मिवाको तामुरा या संशोधकांनी दाखवून दिले. कोकीळ, पावशा, भारद्वाज, तांबट, घुबडे यांचा आवाज मात्र उपजत मानला जातो. कोकिळाचे पिल्लू कावळ्याच्या घरट्यात वाढते, दिवसभर कावकाव ऐकते, कावळ्याच्या चोचीतून खाते आणि मोठे झाल्यावर ‘कुहू’च म्हणते. यापेक्षा भक्कम दाखला दुसरा कोणता द्यावा?

माझे मुख्य म्हणणे इथेच आहे. आवाज हा पुरावा आहे की नाही, या प्रश्नाचे सरसकट उत्तर देता येत नाही, ते पक्ष्यागणिक द्यावे लागते. तांबट, कोकीळ, भारद्वाज, पावशा हे नुसते ऐकून नोंदवावेत. त्यात धोका नगण्य आहे. शिंपी आणि राखी वटवट्या यांच्याकरिता थोडा सराव हवा. शिंप्याचा ‘टुविट टुविट’ इतका खणखणीत असतो, की जेमतेम बोटाएवढ्या पक्ष्याचा तो असेल यावर नवख्याचा विश्वास बसत नाही; वटवट्या झुडपातून उडताना पंखांचा ‘कट कट’ असा आवाज करतो, आणि तो एकदा कानात बसला की गोंधळ उरत नाही. कुटुर्गा आणि तपकिरी डोक्याचा तांबट यांची ‘कुटरू कुटरू’ मात्र एकमेकींशी इतकी मिळतीजुळती असते, की पक्षी दिसेपर्यंत वहीत जात न लिहिता कुळापाशी थांबणेच शहाणपणाचे.

नकलाकारांचा वर्ग याहून वेगळा, आणि तिथे आपला इशारा मी शब्दशः मान्य करतो. दयाळ आपल्या गाण्यात इतर पक्ष्यांचे तुकडे गुंफतो, हरेवा तर या कलेत पटाईत आहे. कोतवाल शिक्रा या शिकारी पक्ष्याची हाक काढतो असे निरीक्षकांनी नोंदवले आहे, आणि तिला घाबरून साळुंक्या उडाल्या की त्यांचे भक्ष्य तो पळवतो. म्हणजे आजूबाजूच्या पक्ष्यांत पळापळ झाली, हादेखील शिक्रा असल्याचा पुरावा ठरत नाही! अशा वेळी घाई न करता ऐकत राहावे. नकलाकार सहसा एकाच हाकेवर टिकत नाही. थोड्याच वेळात तो दुसऱ्या कोणाचा तरी तुकडा घेतो किंवा आपल्या मूळ आवाजावर येतो. तोवर शिक्र्याची नोंद थांबवावी.

धोक्याच्या सूचनेसाठी काढलेली बारीक, लांबट शिटी हीदेखील ओळखीच्या कामाची नाही. अनेक जातींची ही शिटी जवळपास सारखीच असते, आणि हळूच सुरू होऊन हळूच विरणारा असा उंच स्वर कुठून आला हे शिकारी पक्ष्याला चटकन उमगत नाही, हे मार्लर यांनी 1955 सालीच मांडले होते. आपल्यालाही ते उमगत नाही.

आता ‘पाहिल्याखेरीज नोंद नाही’ या नियमाकडे वळतो. या नियमात डोळा बिनचूक असतो असे गृहीत धरले आहे. परंतु गर्द पानांत क्षणभर दिसलेला हिरवट-करडा पक्षी डोळ्यांना कितीतरी वेळा फसवतो. इंग्लंडमध्ये निसर्गनिरीक्षक गिल्बर्ट व्हाइट यांनी 1768 साली एकाच रूपाच्या वाटणाऱ्या लहान वटवट्यांच्या तीन जाती वेगळ्या केल्या, तेव्हा त्यांना सर्वाधिक मदत झाली ती तिघांच्या वेगवेगळ्या गाण्यांची. केवळ डोळ्यांवर विसंबणाऱ्यांच्या लेखी ती तोवर एकच जात होती.

आवाज ऐकून नाव सुचवणाऱ्या ॲपचा आपण ओझरता उल्लेख केला आहे. ती ॲप ध्वनीचे चित्र काढून ताडून पाहतात, आणि शिकणाऱ्याला त्यांचा चांगला उपयोग होतो. तरी त्यांनी दिलेले नाव ही सूचना समजावी. सराईत नकलाकार त्यांनाही चकवू शकतो.

राहिली आवाज वाजवून पक्ष्याला बाहेर काढण्याची सूचना. विणीच्या काळात हद्द राखणाऱ्या नराला मोबाइलमधला आवाज प्रतिस्पर्ध्याचा वाटतो. तो खाणे, पिल्लांना भरवणे, घरट्यावर नजर ठेवणे सोडून नसलेल्या शत्रूला शोधत फिरतो, आणि उघड्यावर आल्याने शिकाऱ्याच्या दृष्टीसही पडतो. एकाच बागेत तीन-चार हौशी मंडळींनी हे दररोज केले, तर त्या जोडीचे काय होत असेल याचा विचार व्हावा. त्याऐवजी नोंदीत नावापुढे ‘फक्त ऐकला’ असे लिहावे, वेळ लिहावी आणि मोबाइलवर तो आवाज मुद्रित करून ठेवावा. ते ध्वनिमुद्रण उद्या आपल्यासारख्या चिकित्सक वाचकापुढे तपासणीसाठी ठेवता येते. पानाआड ओझरत्या दिसलेल्या पक्ष्याबाबत तशी सोय नसते.