पॉइंट बघायला कोकणात जाऊ नका

‘दोन रात्री, तीन दिवस. दापोली, गुहागर, गणपतीपुळे आणि जमलं तर मालवण. अजून काय काय कव्हर करता येईल?’ सुट्ट्या जवळ आल्या की असा प्रश्न हमखास येतो आणि मला आधी त्यांच्या ड्रायव्हरची दया येते. नकाशावर वीतभर दिसणारं अंतर कोकणात अर्धा दिवस खातं, कारण मध्ये खाडी येते. मग एकतर दाभोळ-धोपावे किंवा तवसाळ-जयगडच्या फेरीबोटीची वाट बघा, नाहीतर घाट-वळणं करत लांबचा वळसा घाला. मुलं मागच्या सीटवर ओकतात, समुद्राचा फोटो गाडीच्या काचेतून निघतो आणि परत आल्यावर म्हणायचं, ‘कोकणात काय, सगळीकडे सारखंच.’ सारखंच दिसणार हो, प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं थांबलं तर!

माझं मत एकच आहे. गर्दी टाळून समुद्रावर निवांत राहायचं असेल तर एक गाव धरा आणि तिथून हलू नका. ‘मग चार दिवस करायचं काय?’ हा पुढचा प्रश्न. भरपूर काही. फक्त त्यातलं काहीच तिकीट काढून बघायचं नसतं.

माझा आवडता पट्टा दापोली तालुक्यातला. मुरूड-कर्दे सोडा, तिथे आता पॅरासेलिंग आणि बनाना बोट आहे. ज्यांना हवं त्यांनी खुशाल जावं. हर्णैवरून खाडीचा पूल ओलांडला की आंजर्ले लागतं, पुढे पाडले, आडे करत रस्ता केळशीला जातो. वाटेत बराच वेळ समुद्र डाव्या हाताला सोबत असतो. जोडून सुट्टी किंवा ३१ डिसेंबर नसेल, तर इथल्या पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, तुम्ही, दोन कुत्री आणि एखादे फेरफटका मारायला आलेले आजोबा, एवढीच वर्दळ.

जाताना पंचांग किंवा कालनिर्णय बघून जा. मुहूर्तासाठी नाही, तिथीसाठी. आपल्या किनाऱ्यावर जुन्या माणसांचा ढोबळ हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला, द्वादशीला नऊला. पुनवेला-अवसेला बाराच्या आसपास. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, पण दिवस आखायला एवढं पुरतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, म्हणजे पाणी खूप चढतं आणि तितकंच खूप आत जातं. हिशेब करून बघा: तेव्हा पहाटे सहाला आणि संध्याकाळी सहाला ओहोटी येते. सूर्योदय आणि सूर्यास्त, दोन्ही वेळेला मैदानाएवढी ओली, कडक पुळण चालायला मिळते. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो. पाणी फार चढत नाही, फार उतरत नाही, आणि ऐन संध्याकाळी भरती सुरूच्या बनाकडे सरकत येते. हॉटेलचे रिव्ह्यू तासभर वाचणाऱ्यांनी पाच मिनिटं यासाठी काढली, तर सहलीचा रंगच बदलेल.

ओहोटीला चालताना खाली बघत चाला. ओल्या वाळूवर बाजरीच्या दाण्याएवढ्या गोळ्यांची नक्षी दिसते, मधल्या एका भोकातून सगळीकडे किरणांसारखी पसरलेली. हे नखाएवढ्या खेकड्यांचं काम. पाणी उतरलं की खेकडा बिळातून निघतो, वाळू तोंडात घालतो, तिला चिकटलेलं खाण्यासारखं तेवढं काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो. पाऊल वाजलं की आत गुडुप. तिथेच उकिडवं बसा, हलू नका. थोड्या वेळाने एक बाहेर येतो, मग दुसरा, मग सगळं अंगणच कामाला लागतं. पुढच्या भरतीत सगळं पुसलं जातं आणि पाणी उतरलं की पुन्हा पहिल्यापासून. मोबाईलशिवाय दहा मिनिटं न टिकणारी मुलं इथे अर्धा तास श्वास रोखून बसलेली मी पाहिली आहेत.

थंडीत पाहुणे पक्षी असतात. कुरव, म्हणजे सीगल, थव्याने पाण्याच्या कडेला बसतात, सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे. त्यांच्या अंगावर धावत जाऊन त्यांना उडवायचं आणि रील काढायचं, हा एक नवा छंद निघाला आहे. कृपा करून करू नका. हजारो किलोमीटर उडून आलेली पाखरं आहेत, जरा टेकू दे त्यांना.

आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला जरूर जा, पण पाखाडीने, म्हणजे दगडी पायवाटेने, पायी. देऊळ पूर्वी खाली समुद्रकाठी होतं, पाणी चढू लागलं तसा देव डोंगरावर गेला, अशी आख्यायिका आहे. जाताना टेकलेलं त्याचं पाऊलही दाखवतात. वरून सुवर्णदुर्ग दिसतो. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचा हा किल्ला. १७५५ मध्ये इंग्रज कमोडोर जेम्सने तो घेतला, आणि तेही पेशव्यांशी संगनमत करून, कान्होजींच्याच मुलाविरुद्ध, तुळाजी आंग्र्यांविरुद्ध. आपलंच आरमार बुडवायला परक्यांची मदत घेतली, हा इतिहास वर उभं राहून आठवला की चिडचिड होते. असो. वारा छान असतो.

एक संध्याकाळ हर्णै बंदरासाठी ठेवा. गर्दी नको म्हणत होतो हे खरं, पण ही गर्दी कामाची आहे. होड्यांतून मासळी किनाऱ्याला लागते, पाण्यात उतरलेल्या बैलगाड्यांतूनही येते, वाळूवर ढीग पडतात आणि लिलाव पुकारला जातो. पापलेट, सुरमई, कोळंबी, म्हाकुळ. बोली कुठे सुरू झाली आणि कुठे तुटली हे कळेपर्यंत माल टेम्पोत चढलेला असतो. आपण कडेला उभं राहायचं, कोणाच्या वाटेत येऊन फोटो काढत बसायचं नाही. बाजूला बायका वाटे लावून बसतात, तिथे आपल्यापुरतं मिळतं. मात्र आंजर्ले-केळशीतली बरीच घरगुती खानावळीची घरं शाकाहारी आहेत. घरात मासा चालतो का, हे बुकिंग करतानाच विचारा. पिशवीत सुरमई घेऊन दारात उभं राहून काकूंना धर्मसंकटात टाकू नका. आणि शाकाहारीच घर मिळालं तर काही बिघडत नाही. कुळथाचं पिठलं, फणसाची भाजी, सोलकढी आणि सांगून ठेवले असतील तर उकडीचे मोदक. यावर ज्याचं भागत नाही त्याने खुशाल हायवेवरचा पनीर टिक्का खावा.

दुपारी उन्हात समुद्रावर जाण्यात अर्थ नाही. दुपार आगरात, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागेत काढायची. केळशीच्या गल्ल्या म्हणजे दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे आणि पलीकडे नारळी-पोफळी. सावली इतकी दाट असते की डांबरी रस्त्यावरून आलेल्या माणसाला आधी दोन मिनिटं काही दिसतच नाही. पण या आगरांत अजूनही मध्येच मोकळं आभाळ दिसतं. ३ जून २०२० ला आलेल्या ‘निसर्ग’ वादळाने या भागातल्या नारळी-पोफळी आडव्या केल्या. पोफळ लावल्यापासून धरायलाच पाच-सात वर्षं जातात, म्हणजे आज जी बुटकी झाडं दिसतात ती कोणाच्या तरी बुडालेल्या उत्पन्नाच्या जागी उभी आहेत. घरमालक बोलायला मोकळे असतील तर याबद्दल विचारा. ‘इथे बघण्यासारखं काय आहे?’ यापेक्षा बरा प्रश्न आहे तो.

केळशीला किनाऱ्यावर वाळूची एक मोठी टेकडी आहे. ही वाळू जुन्या काळच्या त्सुनामीने आणून टाकली, असं काही संशोधकांनी मांडलेलं आहे. तिच्यावर चढून घसरगुंडी करू नका, एवढंच.

फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये गेलात तर कासवांची पिल्लं दिसण्याचा योग असतो. बाणकोटजवळच्या वेळासला चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ने २००२ मध्ये ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांची घरटी राखायला सुरुवात केली, पुढे आंजर्ल्यासह इतर गावांतही हे काम उभं राहिलं. पूर्वी ही अंडी सर्रास खाल्ली जायची. आता गावातलीच माणसं पहाटे किनारा पालथा घालून घरटी शोधतात आणि कुंपणात हलवतात. पिल्लं निघाली तर सकाळ-संध्याकाळ सोडतात. ‘तर’ महत्त्वाचं. कासव महोत्सवाच्या शनिवारी दोरीमागे शेकडो माणसं उभी असतात आणि पिल्लू नाही निघालं की कार्यकर्त्यांशी भांडतात, ‘आम्ही पुण्याहून आलोय!’ त्या पिल्लाला काय माहीत पुणे? मंगळवार-बुधवारी जा, एकाच गावात मुक्काम ठेवा, म्हणजे आज नाही तर उद्या.

आता थोडं कडू. पुळणीवर गाडी घालू नका. भरतीत रुतलेली एसयूव्ही बाहेर काढायला शेवटी गावातलाच ट्रॅक्टर येतो आणि ती जागा खेकड्यांची, कासवांची असते हे वेगळंच. ब्लूटूथ स्पीकर घरी ठेवा. खाडीच्या मुखाशी पोहू नका. ओहोटीला तिथलं पाणी ओढून नेतं आणि वरून ते अगदी शांत दिसतं. पावसाळ्यात तर पाण्यात पाऊलही नको. गावकरी ‘इथे उतरू नका’ म्हणाले की ‘आम्हाला पोहता येतं’ हे ऐकवू नका, त्यांनी पोहता येणारे बरेच बाहेर काढलेले असतात.

‘पण बोअर होतं’ म्हणणाऱ्यांना माझ्याकडे उत्तर नाही. पहिला दिवस होतं, हे खरं. हात सारखा खिशाकडे जातो. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवल्यावर ओटीवर जी झोप लागते, तिच्यासाठी लोक शहरात गोळ्या घेतात.

राहायच्या जागेचं नाव मुद्दाम देत नाही. घराला तीन-चार खोल्या असतात, एका पोस्टमुळे तिथे पन्नास फोन गेले तर त्या काकू माझ्यावरच चिडतील. आठवड्याच्या मधल्या वारी एसटीने केळशीला उतरा आणि पहिल्या दुकानात विचारा. खोली मिळेल. जेवायचं मात्र सकाळीच सांगून ठेवा, तांदूळ माणसं मोजून धुतात.