तोफांची तोंडं उलटी नव्हती

नमस्कार. कॉरेगिडोरवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, की फिलिपिन्समधल्या मनिलाच्या उपसागराच्या तोंडाशी असलेल्या या बेटावर अमेरिकनांनी पाण्यासारखा पैसा ओतला, सगळ्या तोफा समुद्राकडे रोखल्या आणि शत्रू आला पाठीमागून. अशा मूर्खपणाचं कौतुक कशाला? आणि पडक्या भिंतींचे फोटो काढत हिंडण्यात कसला आलाय अभ्यास? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यातच येईल, म्हणून आधी तोफांकडे वळतो.

'तोंडं उलटी होती' हे वाक्य सिंगापूरबद्दलही असंच सर्रास फेकलं जातं. कॉरेगिडोरवर मात्र ते टिकत नाही. बॅटरी हर्नची (बॅटरी म्हणजे तोफांचा मोर्चा) १२ इंची तोफ मोकळ्या गोल चौथऱ्यावर आहे आणि ती चहूबाजूंना फिरायची. समोरच्या बातान द्वीपकल्पाचा किनारा तिच्या पल्ल्यात आरामात होता. अडचण होती गोळ्याच्या वाटेची. लांब नळीची तोफ गोळा सपाट फेकते. जहाज टिपायला ते उत्तम, पण ९ एप्रिल १९४२ ला बातान पडल्यावर जपानी तोफा तिथल्या डोंगरांच्या आडोशाला बसल्या. तिथे गोळा वरून कोसळायला हवा. त्यासाठी उखळी तोफाही बेटावर होत्या: बॅटरी वेमध्ये चार, गिअरीमध्ये आठ. त्यांनी बातानवर मारा केलाच.

मग घोडं अडलं कुठे? वे किंवा गिअरीच्या खड्ड्यात उतरा आणि मान वर करा. छप्परच नाही! हे मोर्चे बांधले तेव्हा विमान ही कुणाच्या खिजगणतीतली गोष्ट नव्हती. भीती जहाजाच्या गोळ्याची, म्हणून समोर जाडजूड काँक्रीट आणि डोक्यावर मोकळं आकाश. बॅटरी क्रॉकेटच्या तोफा तर बार उडाला की धक्क्यासरशी मागे झुकून भिंतीआड दडायच्या. जहाजावरून दिसेनाशा होत, पण वैमानिकाला सगळं ताटात वाढल्यासारखं! पुढे नौदलांवर मर्यादा घालणाऱ्या १९२२ च्या वॉशिंग्टन कराराने तिथे नवी तटबंदी करायला बंदी घातली. बेटावरच्या मलिंटा टेकडीत भुयार खोदलं गेलं, त्यात इस्पितळ मावलं, मुख्यालय मावलं. बारा इंची तोफा मात्र उघड्यावरच राहिल्या.

२ मे १९४२ ला बातानकडून आलेला एक गोळा गिअरीच्या दारूकोठारात शिरला. काही टन वजनाच्या नळ्या खेळण्यासारख्या उडाल्या. आज तिथे भिंतींचे घराएवढे तुकडे तिरपे पडलेत. वेमधल्या नळ्या जागेवर आहेत, पण पोलादाचे टवके उडालेत. त्यातल्या एका खाचेत मी बोट घालून पाहिलं, टोक सहज आत गेलं. चार दिवसांनी, ६ मेला, अमेरिकी सेनापती जनरल वेनराईटने शरणागती पत्करली.

गंमत म्हणजे पुढे बेट ताब्यात आल्यावर जपान्यांनीही आकाशाकडे पाठच फिरवली. कड्यावरच्या त्या चिंचोळ्या पठारावर छत्रीधारी सैनिक उतरतील असं त्यांना वाटलंच नाही. १६ फेब्रुवारी १९४५ ला अमेरिकेच्या ५०३ व्या छत्रीधारी रेजिमेंटचे सैनिक नेमके तिथेच, जुन्या परेड मैदानावर आणि गोल्फच्या मैदानावर उतरले.

तेव्हा कौतुक मूर्खपणाचं नव्हतं. जहाजांसाठी नीट विचार करून बांधलेली जागा विमानांच्या काळात कशी उघडी पडते, हे मला त्या खड्ड्यात उभं राहून कळलं. निव्वळ नकाशे पाहून कळलं नसतं. माझे फोटो त्यासाठी होते. (आणि बेटावरच्या 'माईल लाँग', म्हणजे 'मैलभर लांब', बराकीच्या लांबीवर तुम्ही घेतलेली शंका रास्त आहे. ती मैलाच्या तिसऱ्या हिश्शाएवढीही नाही, पण नाव पडलं ते पडलं.)

जाणार असाल तर आधी वे आणि गिअरी बघा. हर्नच्या तोफेवर चढून सगळेच फोटो काढतात, तिथे शेवटी गेलात तरी चालेल.