चिडलेल्या मौलवींच्या पुस्तकात सापडणाऱ्या बायका

इस्लामी समाजात बाईला पहिल्यापासून कोंडूनच ठेवलं होतं असं कोणी ठोकून दिलं की मला राहवत नाही, आणि इस्लामने बाईला सगळं दिलं, विषय संपला असं म्हणणाऱ्यांचाही तेवढाच राग येतो. दोन्हीकडचे लोक नुसते नियम सांगत बसतात, बायका जगत कशा होत्या ते कोण बघणार?

११व्या शतकात मक्केत करीमा अल-मरवझिया नावाची बाई सहीह बुखारी, म्हणजे हदीसचा (पैगंबरांच्या वचनांचा) नावाजलेला संग्रह, शिकवायची. खतीब अल-बगदादी हजला आला, स्वतः नावाजलेला विद्वान, आणि त्याने तिच्यापुढे बसून ५ दिवसांत तो अख्खा ग्रंथ वाचला. बाई कडक होती. विद्यार्थ्याने उतरवून घेतलेली प्रत मूळ प्रतीशी ताडून बघितल्याशिवाय पुढे शिकवायची परवानगीच नाही! दमास्कसची झैनब बिन्त अल-कमाल तर नव्वदी ओलांडली तरी शिकवत होती, १३३९ मध्ये गेली, लग्न केलं नाही. प्रवासी इब्न बतूताने तिच्याकडून इजाजा म्हणजे पुढे शिकवायची परवानगी घेतलेली.

आणि त्याच काळात कैरोत इब्न अल-हाज नावाचा मौलवी पानंच्या पानं लिहून तक्रार करतोय की बायका बाजारात हिंडतात, कापडवाल्याकडे, सोनाराकडे बसून भाव करतात, गाढववाल्यांबरोबर फिरतात. त्याच्या मते चांगल्या बाईने आयुष्यात ३ वेळाच बाहेर पडावं, सासरी जाताना, आईबाप वारल्यावर आणि स्वतःच्या कबरीकडे. लोक हे वाचून म्हणतात बघा, अशी होती परिस्थिती. अहो, बायका घरातच असत्या तर हा माणूस एवढा चिडला कशाला असता?

अर्थात त्याच्यासारखे आधीपासून होतेच. बायकांना मशिदीत जायला अडवू नका, हे पैगंबरांचं सांगणं त्यांचा सोबती इब्न उमर याने सांगितलं तर त्याचाच मुलगा म्हणाला, आम्ही अडवणार. बापाने त्याला चांगलंच झापलं, तो प्रसंग हदीसच्या ग्रंथांत आहे.

पण मला खरी खुपणारी गोष्ट वेगळीच आहे. या शिकवणाऱ्या बायका बहुतेक विद्वानांच्या किंवा चांगल्या घरच्या, बापाने लहानपणीच शिकायला नेलेल्या, आणि तरी मदरशातली पगारी अध्यापकाची जागा पुरुषांचीच, काझीची तर विचारायलाच नको. बाईकडून शिकायला चालतं, तिला पद द्यायचं नाही. आणि बगदादच्या बाजारात ज्या दासी विकल्या जायच्या, गाणं-कविता शिकवून किंमत वाढवून, त्यांना स्वतःच्या शरीरावरही हक्क नव्हता. करीमाचं नाव अभिमानाने घेणाऱ्यांनी या बायकांबद्दलही बोलावं, ते मात्र कोणी बोलत नाही.